हातगुण

"त्याला ते प्यायचं नाहीये गं," आई म्हणाली.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या आर्ट म्युझियममध्ये गोया या स्पॅनिश चित्रकाराच्या एका चित्रासमोर आम्ही उभ्या होतो, आईच्या अंगात माझं जुनं जाडजूड जॅकेट, डोक्याला सांगलीहून आणलेली कानटोपी, आणि मी तिला आता सगळं नीट समजावून सांगणार होते, म्हणजे हा चित्रकार कोण, हा डॉक्टर कोण, मागच्या अंधारात ती तोंडं कुणाची, खाली काय लिहिलंय. त्याआधीच ती हे बोलली. मी या चित्रासमोर २०१२ पासून येतेय, या शहरात आले त्या पहिल्याच हिवाळ्यापासून, कारण या म्युझियमला तिकीट नाही आणि बाहेर उणे वीस असताना उबेत फुकट बसायला मिळेल अशा जागा थोड्या असतात. अकरा वर्षांत मी या चित्राबद्दल मिळेल ते वाचलं होतं. पण त्या माणसाला समोर आलेला पेला नकोय, हे मला दिसलं नव्हतं.

चित्र आधी सांगते. साधारण पावणेचार फूट उंच, अडीच फूट रुंद, कॅनव्हासवर तैलरंग, साल १८२०. एक म्हातारा माणूस अंथरुणात अर्धवट उठून बसलाय, खरंतर त्याला बसवलंय. अंगात राखाडी गाऊन, मान मागे कललेली, डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित उघडे, चेहऱ्यावरचा रंग गेलेला. दोन्ही हातांनी त्याने पांघरूण गच्च धरलंय. त्याच्या मागे टेकून, त्याला खांद्याभोवती हात घालून सावरणारा दुसरा माणूस, हिरव्या कोटातला, तब्येतीने ठणठणीत, गालांवर लाली असलेला. त्याच्या दुसऱ्या हातात पेला. अंथरुणावर लाल पांघरूण. आणि या दोघांच्या मागे काळोख, त्या काळोखात नीट बघितलं तर दोनतीन चेहरे. बस, एवढंच. खाली एक पट्टी आणि तिच्यावर स्पॅनिशमध्ये मजकूर.

म्हातारा म्हणजे स्वतः गोया. हे सेल्फ पोर्ट्रेट आहे. हिरव्या कोटातला माणूस त्याचा डॉक्टर, एउजेनिओ गार्सिया आर्रिएता.

खालच्या मजकुराचं मी माझ्यापुरतं केलेलं मराठी असं आहे: 'गोया, कृतज्ञतेने, आपला मित्र आर्रिएता यास: १८१९ सालच्या अखेरीस, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी झालेल्या तीव्र आणि धोक्याच्या आजारात ज्या अचूकपणे आणि ज्या निगुतीने त्याने आपला जीव वाचवला त्याबद्दल. हे १८२० मध्ये रंगवलं.'

अचूकपणा आणि निगुती. मूळ स्पॅनिश शब्द आहेत आसिएर्तो आणि एस्मेरो. पहिला म्हणजे नेम बरोबर लागणं, निदान बरोबर होणं. दुसरा म्हणजे मन लावून, जिवापाड केलेली देखभाल. आपल्याकडे या दोन्हीला मिळून एक शब्द आहे, हातगुण. त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असं आपण म्हणतो तेव्हा त्यात औषधही असतं आणि हातही असतो. गोयाने मात्र दोन वेगळे शब्द वापरले, जणू दोन वेगवेगळी ऋणं आहेत आणि दोन्ही वेगळी मोजून द्यायचीत. मला हे फार आवडतं.

आता हे चित्र कुठल्या काळातलं आहे ते बघा. युरोपात रोमँटिक काळ, म्हणजे कलेत भावना आणि एकटा माणूस मोठा मानणारा काळ, ऐन भरात आलेला. त्या काळातली माणसांची चित्रं आठवली की काय येतं डोळ्यासमोर? विस्कटलेले केस, दूर कुठेतरी लागलेली नजर, मागे वादळ किंवा डोंगर. जर्मनीत कास्पार डाविड फ्रीडरिशने १८१८ च्या सुमाराला ते प्रसिद्ध चित्र काढलं, खडकाच्या टोकावर आपल्याकडे पाठ करून उभा असलेला माणूस आणि खाली धुक्याचा समुद्र, ते आता हॅम्बुर्गला आहे. एकटा माणूस, ताठ कणा, हातात काठी, समोर अनंत. आणि त्यानंतर दोनेक वर्षांत माद्रिदच्या वेशीबाहेर एक बहिरा म्हातारा स्वतःला रंगवतो तेव्हा त्याचा कणाच उभा नाहीये, दुसऱ्याने धरलं नाही तर तो आडवा होईल. दोन्ही चित्रं 'मी' या विषयावरचीच आहेत असं मला वाटतं. फक्त एकात मी उभा आहे आणि दुसऱ्यात मला कुणीतरी उभं धरलंय.

मला स्वतःला हे दुसरं जास्त धाडसाचं वाटतं, आणि हे मी आजारपण जवळून बघितल्यानंतर म्हणतेय, आधी म्हणाले नसते.

गोयाला आजारपण नवीन नव्हतं. जन्म १७४६ चा, आरागॉनमधल्या फुएन्देतोदोस नावाच्या लहानशा गावातला. १७९२-९३ मध्ये तो दक्षिणेत आंदालुसियाला गेलेला असताना असा काही आजारी पडला की उठला तो ठार बहिरा होऊन. तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. पुढची पस्तीस वर्षं त्याने काही ऐकलं नाही. या काळातच तो राजाचा पहिला चित्रकार झाला, १७९९ मध्ये, दरबारातली पोर्ट्रेट्स काढली, नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या ते बघितलं, ती युद्धं, ती उपासमार, सगळं आवाजाशिवाय बघितलं. १८१२ मध्ये बायको होसेफा गेली. इतक्या बाळंतपणांतून एकच मुलगा मोठा झाला, हाविएर. १८१९ च्या फेब्रुवारीत त्याने मान्सानारेस नदीपलीकडे एक घर विकत घेतलं, त्या घराचं नाव किंता देल सोर्दो, बहिऱ्याचा मळा, आणि हे नाव तो तिथे यायच्या आधीपासूनचं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी हा दुसरा आजार आला. तो नेमका कोणता यावर डॉक्टर लोक आजही लेख लिहीत असतात, कुणी रंगांतल्या शिशाला दोष देतं, कुणी टायफसला.

डॉक्टरांबद्दल त्याचं मत काही फार चांगलं नव्हतं, निदान आधी तरी. १७९९ मध्ये त्याने ऐंशी प्रिंट्सचा संच छापला होता, लोस काप्रिचोस, समाजातल्या ढोंगावर. त्यातल्या चाळीसाव्या चित्रात एक रोगी अंथरुणावर पडलाय आणि त्याची नाडी बघायला खुर्चीत बसलंय एक गाढव, चांगला कोटबिट घालून. खाली शीर्षक: 'कोणत्या आजाराने मरेल हा?' बहिरं करणाऱ्या आजाराला तेव्हा सहासातच वर्षं झाली होती, त्या दुखण्यात त्याने कायकाय उपचार सोसले असतील कोण जाणे, राग असणारच. आणि त्यानंतर वीसेक वर्षांनी तोच माणूस पुन्हा अंथरूण रंगवतो, पुन्हा रोगी, पुन्हा उशाशी डॉक्टर, पण गाढवाच्या जागी आर्रिएताचा चेहरा. मी ही दोन्ही चित्रं कितीतरी वेळा फोनवर शेजारीशेजारी ठेवून बघितलीयेत. गाढवाचा खूर रोग्याच्या मनगटावर आहे. आर्रिएताचा हात खांद्याभोवती आहे.

बहिरा माणूस आहे हे विसरायचं नाही हे चित्र बघताना. डॉक्टर काय बोलला असेल ते याला ऐकूच आलेलं नाही. 'घ्या जरा', 'बरं वाटेल', 'एवढा घोट घ्या', आजाऱ्याच्या उशाशी आपण जी वाक्यं बोलतो ती सगळी इथे वाया गेलेली. उरलं काय? खांद्यावरचा हात, पाठीला टेकलेली छाती, तोंडाजवळ आलेला पेला. म्हणून या चित्रात सगळं बोलणं हातांचं आहे. एकूण चार हात आहेत म्हणा, दोन देणारे आणि दोन पांघरुणाला घट्ट धरून बसलेले.

लोक मागच्या त्या सावल्यांबद्दलच जास्त लिहितात. मीही आधी तेच बघायचे. कुणी म्हणतं त्या नशीब विणणाऱ्या तीन देवता आहेत, आयुष्याचा धागा कापायला आलेल्या. कुणी म्हणतं पाद्री आहे, शेवटचा संस्कार करायला थांबलेला. कुणी म्हणतं नोकर आहेत आणि शेजारी आहेत. कुणी त्यांचा संबंध त्याच घराच्या भिंतींवर त्याने पुढे रंगवलेल्या काळ्या चित्रांशी लावतं, की तापात दिसलेली भुतं इथे पहिल्यांदा आली. मला पहिल्या हिवाळ्यात वाटलेलं की हे मरण आहे, सरळसरळ, आणि पुढे उजेडात डॉक्टर आणि मागे अंधारात मरण आणि मध्ये रोगी अशी ती रचना आहे. हे वाचन चुकीचं आहे असं अजूनही नाही म्हणणार मी. पण २०१६ मध्ये बाबा आजारी पडले आणि त्यानंतर मला ते चेहरे तसे दिसेनात.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यात कधी कुणाला 'जरा पाणी दे' असंसुद्धा न म्हणालेला माणूस, स्वतः उठून माठातून घेणार. ऑगस्टमध्ये न्यूमोनिया झाला, तो बळावला, रक्तात इन्फेक्शन गेलं, आणि मी पोचेपर्यंत ते सांगलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये होते, तीन दिवस आयसीयूत काढून मग खाली रूममध्ये. पुढच्या अकरा रात्री मी तिथे होते. पहिल्या रात्री त्यांना पाणी पाजायचं होतं तर मी पाठीखाली हात घातला, आणि त्या अवस्थेतही त्यांनी माझा हात बाजूला केला. बोलायची ताकद नव्हती पण हात बाजूला करायची होती. मी उशा लावून बघितल्या, बेडचं डोकं वर करून बघितलं, ते घसरायचे, पुन्हा हात घालायला गेले की पुन्हा तेच. शेवटी मी रडकुंडीला आले आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उभी राहिले. तिथे माझा काका होता, मामी होती, शेजारचे एक गृहस्थ होते जे रोज रात्री यायचे आणि काही न बोलता दोन तास भिंतीला टेकून उभे राहून जायचे. दाराच्या काचेतून सगळे आत बघत. आतून बघितलं तर ते कसे दिसत असतील हे मला तेव्हा नाही सुचलं. परत मिनियापोलिसला आल्यावर एका रविवारी त्या चित्रासमोर गेले आणि ती अंधारातली तोंडं बघितली आणि ओळखीची वाटली. ज्यांना काहीच करता येत नाही पण घरीही जाववत नाही अशी ती माणसं आहेत. आत पेला एकाच्याच हातात मावतो, बाकीच्यांनी मागे थांबायचं असतं.

मरणच ते, असं कुणी म्हणालं तर मी वाद नाही घालणार. पण मला आता ते चेहरे माणसांचे दिसतात आणि ते तसे दिसायचे थांबतील असं वाटत नाही.

रचनेबद्दल अजून एक. हे चित्र बघून युरोपातल्या कुणालाही लगेच पिएता आठवेल, म्हणजे क्रूसावरून उतरवलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मरिया. निष्प्राण देह आणि त्याला मागून धरणारं कुणीतरी, तीच आकृती. आणि खालची ती मजकुराची पट्टी आली आहे एक्स-व्होटो नावाच्या प्रकारातून. स्पेनमधल्या, मेक्सिकोमधल्या देवळांत अशी लहान चित्रं भिंतीवर लावलेली असतात, अमुक तारखेला अमका माणूस घोड्यावरून पडला आणि तमक्या संताच्या कृपेने वाचला म्हणून हे चित्र वाहिलं. वर प्रसंग, खाली हकीकत. थोडक्यात, नवस फेडणं. आपल्याला हे समजायला काही अवघड नाही, आपल्या देवीला चांदीचे डोळे वाहतात, मूल झालं की पाळणा बांधतात, आणि वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेत तर मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं विकायला असतात, जो अवयव दुखतो तो वाहायचा, आणि तिथे सगळ्या जातीधर्माची माणसं ते वाहतात. गोयाने हा सगळा साचा तसाच उचलला. फक्त वर जिथे संत असतो, ढगातून हात बाहेर काढलेला, तिथे हिरव्या कोटातला डॉक्टर बसवला. संत कुठेच नाही या चित्रात. नवस एका माणसाला फेडलाय.

यावरून गोया नास्तिक होता असा निष्कर्ष काढणारे असतात, मला ते घाईचं वाटतं. कारण याच आजाराच्या आधी काही महिने, १८१९ मध्येच, त्याने दोन धार्मिक चित्रं काढली होती आणि ती दोन्ही मला फार जवळची आहेत, प्रत्यक्ष नाही बघितली अजून, पण छापील आणि स्क्रीनवर खूपदा. पहिलं मोठं, माद्रिदच्या एस्कोलापिओ पाद्र्यांच्या चर्चसाठी, गरीब मुलांसाठी शाळा काढणाऱ्या सान होसे दे कालासान्स या संताचं शेवटचं कम्युनियन, म्हणजे मरणाआधी घेतलेला चर्चमधला प्रसाद. म्हातारा, खंगलेला संत गुडघे टेकून बसलाय, डोळे मिटत आलेले, आणि पाद्री त्याच्या तोंडात प्रसादाची चकती ठेवतोय. या कामाचे ठरलेल्यातले बरेच पैसे गोयाने परत केले, आणि वर त्या पाद्र्यांना दुसरं एक छोटं चित्र भेट दिलं. त्यात येशू रात्री ऑलिव्हच्या बागेत गुडघ्यांवर आहे, दोन्ही हात पसरलेले, आणि वरून देवदूत त्याच्यासाठी प्याला घेऊन उतरतोय. बायबलमधली ती रात्र, जेव्हा येशू म्हणतो की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून दूर कर.

आता क्रम बघा. एकाच वर्षात एक म्हातारा ज्याच्या तोंडाशी काहीतरी आणलं जातंय, मग एक माणूस ज्याच्यापुढे नको असलेला प्याला आणला जातोय, आणि मग काही महिन्यांत तो चित्रकारच अंथरुणाला खिळतो आणि त्याच्या तोंडाशी पेला येतो. जे त्याने दोनदा बाहेरून रंगवलं होतं ते तिसऱ्यांदा त्याच्यावरच आलं. मी काही कलेची अभ्यासक नाही, पण हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी ऑफिसमध्ये होते आणि उरलेला दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. म्हणजे मला पेला दिसत होता, त्याचा अर्थही मी लावला होता, येशूच्या प्याल्यापर्यंत गेले होते. आणि तरी गोयाला तो नकोय, हा साधा भाग आईला दिसला आणि मला नाही.

"कशावरून?" मी तिला विचारलं.

"हात बघ की त्याचे. पांघरूण सोडत नाहीये तो. प्यायचं असतं तर एक हात तरी पेल्याकडे गेला असता." मग जरा थांबून, "तुझे बाबा असंच धरायचे."

आयसीयूतल्या त्या तीन दिवसांत आईला दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं आत सोडायचे. तिने काय बघितलं ते तिने मला तेव्हा सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आता त्या गॅलरीत, सात वर्षांनी, ती सांगत होती की बाबांच्या दोन्ही मुठींत चादर असायची आणि नर्स ती सोडवून सलाइनचा हात सरळ करायची आणि ही बाहेर येईपर्यंत पुन्हा मूठ वळलेली असायची. "भीती वाटत होती त्यांना," ती म्हणाली. "आणि ती कुणाला दिसू नये असं वाटत होतं." हे ती चित्राकडे बघतच म्हणाली, माझ्याकडे नाही, आणि त्यामुळेच बहुतेक तिला म्हणता आलं.

मूड मूड आपण म्हणतो ना चित्राचा, मला वाटायचं या चित्राचा मूड कृतज्ञतेचा आहे, खाली तसं लिहिलंच आहे. पण कृतज्ञता फक्त त्या पट्टीवर आहे, अक्षरांत. वर चित्रात जो गोया आहे तो अजून कृतज्ञ झालेला नाही. तो थकलाय, त्याला सोडून द्या असं वाटतंय, कदाचित रागही आहे. आणि डॉक्टर तरीही धरून आहे. रंगवणारा गोया बरा झालेला आहे, रंगवलेला गोया नाही, आणि त्या दोघांच्या मध्ये आहेत ते काही आठवडे. म्हणजे बरा झालेला माणूस खाली सही करून सांगतोय की मी तेव्हा असा होतो, मी साथसुद्धा देत नव्हतो, आणि हा थांबला.

आणि एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. सेल्फ पोर्ट्रेट आरशात बघून काढतात. १८१५ चं त्याचं एक आहे, माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये, गळ्याशी उघडा शर्ट, मान जराशी कललेली, थेट आपल्याकडे बघतोय, ते आरशाचं आहे हे कळतं. पण इथे डोळे अर्धे मिटलेले. या अवस्थेत तो स्वतःला कुठल्या आरशात बघणार? हा चेहरा त्याने कधी बघितलेलाच नाही. हा चेहरा आर्रिएताने बघितला होता, त्या मागच्यांनी बघितला होता. गोयाला तो आतून माहीत होता, मान मागे जाताना कशी लागते, ओठ कसे सुकतात, पाठीला दुसऱ्याच्या छातीची ऊब कशी लागते. म्हणून मला वाटतं की हे पोर्ट्रेट डोळ्यांनी काढलेलं नाहीये, पाठीने काढलंय. हे वाक्य विचित्र आहे मला माहितीये, पण दुसरं सापडत नाही.

बाबांनी चौथ्या रात्री हात घालू दिला. मला नाही. रात्रपाळीचे एक डॉक्टर होते, तरुण, पस्तिशीचे असतील, ते राउंडला आले, फाइल बघितली, माझ्याकडून पाण्याचं फुलपात्र घेतलं, बूट काढून सरळ बेडच्या डोक्याशी गुडघा टेकवला आणि बाबांना स्वतःच्या अंगावर रेलून घेतलं. "काका, मी पडू देणार नाही," एवढंच. आणि बाबा प्यायले. मी बघत होते आणि मला त्या क्षणी आनंद झाला की वाईट वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. मुलीच्या हाताने नाही आणि परक्या माणसाच्या हाताने होय. पुढे मला कळलं की आपल्या माणसाच्या अंगावर आपलं सगळं ओझं टाकायला माणूस कचरतो. ते डॉक्टर त्यानंतर रोज रात्री यायचे, ड्यूटी नसली तरी एकदा डोकावून जायचे. गोयाचे ते दोन शब्द मला इथे आठवतात. निदान करणारे सीनियर डॉक्टर वेगळे होते, त्यांचा अचूकपणा होताच. ही निगुती होती.

बाबा त्यातून वाचले. अजून साडेतीन वर्षं मिळाली. गोयाला आठ मिळाली, आणि त्याने त्यांचं काय केलं ते जगाला माहीत आहे, त्याच घराच्या भिंतींवर, प्लास्टरवर थेट, चौदा चित्रं रंगवली जी कुणाला दाखवायची नव्हती, विकायची नव्हती. पोराला खाणारा सॅटर्न, तो रोमन देव, त्यातलाच. बरा झाल्यावर माणूस उजळ काहीतरी रंगवेल असं वाटतं ना, तसं झालं नाही. मग १८२४ मध्ये स्पेन सोडून फ्रान्समध्ये बोर्दोला गेला, आणि तिथून एका मित्राला पत्रात लिहिलं की नजर नाही, नाडी नाही, लेखणी नाही, दौत नाही, सगळ्याचीच वानवा आहे, फक्त इच्छा तेवढी उरून चाललीये. तिथेच १६ एप्रिल १८२८ ला गेला, ब्याऐंशी वर्षांचा होऊन. ती चौदा चित्रं पुढे १८७० च्या दशकात भिंतींवरून कॅनव्हासवर उतरवली गेली आणि आता प्रादोमध्ये आहेत. घर राहिलं नाही.

हे डॉक्टरचं चित्र मात्र फिरत फिरत इथे मिडवेस्टमध्ये आलं, म्युझियमने १९५२ मध्ये घेतलं. स्पेनपासून इतकं लांब, मिसिसिपीच्या काठच्या या गारठ्यात ते का असावं याला काही कारण नाही, पण मी इथे आहे आणि तेही इथे आहे याचं मला बरं वाटतं.

बाबांनी साडेतीन वर्षांत भिंती रंगवल्या नाहीत. परसात शेवगा लावला, जुन्या पावत्यांच्या फायली लावल्या, व्हॉट्सअॅप शिकले, मला रोज सकाळी कृष्णेच्या पाण्याची पातळी पाठवायचे, पावसाळा नसला तरी. आणि दर दिवाळीत पाडव्याला त्या रात्रपाळीच्या डॉक्टरांना फोन करायचे. चार दिवाळ्या. फोनवर काय बोलायचं हे त्यांना कधीच सुचायचं नाही, "शुभेच्छा, तब्येत ठीक, ठेवतो" इतकंच, पण आधी शर्ट बदलून खुर्चीत ताठ बसून मग नंबर लावायचे. फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले, झोपेत. त्यानंतरच्या दिवाळीपासून तो फोन आई करते.

गॅलरीत बाक आहे त्याच्यावर आम्ही बसलो. मी आईला खालचा मजकूर मराठीत सांगितला. तिने विचारलं की मग हे चित्र त्या डॉक्टरला दिलं का, आणि मी म्हणाले हो, त्याच्यासाठीच होतं ते. तिला ते पटलं, द्यायलाच हवं होतं असं म्हणाली. मग म्हणाली की डॉक्टरच्या घरच्यांना कसं वाटलं असेल, भिंतीवर रोज आपलाच माणूस पेला धरून उभा. हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. त्याच्या त्या चेहऱ्याकडे मी पुन्हा बघितलं, ओठ मिटलेले, कपाळावर काळजी, वाट बघणारा चेहरा. उद्या हा रोगी वाचेल की नाही हे त्याला त्या क्षणी माहीत नाहीये. आपल्याला माहीत आहे, पट्टीवर लिहिलंय म्हणून.

"नाव काय म्हणालीस त्याचं?"

"आर्रिएता."

"आरेता," ती म्हणाली, आणि दोनदा म्हणून बघितलं.

त्या दिवशी पाडवा होता. घरी येऊन मी फराळाची ताटं काढली, तोवर रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे सांगलीत दुसऱ्या दिवशीची सकाळ, साडेआठ. आईने कानटोपी काढली, पदर सारखा केला आणि माझ्या फोनवरून नंबर लावायला सांगितला, बाबांचा नंबर नव्हता म्हणून तिला वाटत होतं डॉक्टर उचलणार नाहीत. त्यांनी उचलला. ती नेहमीसारखं आधी बाबांचं नाव सांगून मग स्वतःचं म्हणाली, शुभेच्छा दिल्या, मुलं कितवीत आहेत विचारलं. मग मला वाटलं आता ठेवेल. पण ती म्हणाली, "डॉक्टर, मी आज इकडे एक चित्र बघितलं. तुमच्यासारखाच आहे एक. हिरवा कोट घातलेला."